जोत्यावरचे बैल

मी एक जुनी हवेली आहे. पण मित्रांनो, या नावाने मला आता कोणी ओळखत नाही. नाशकातल्या द्वारका चौकातून नाशिक रोडकडे निघालात की मोठ्या कडुनिंबांच्या मागे माझी कौले दिसतात. रिक्षावाला मान वळवून विचारतो, "कॉलेजला का?" आणि तुम्ही हो म्हणता. मी म्हणजे कॉलेज. माझ्या दिवाणखान्यात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा आहे आणि मुदपाकखान्यात रसायनशास्त्राची. जिथे एकेकाळी घोडे बांधत, तिथे मुले बेडूक कापायला शिकली. आता बेडूक कापायला परवानगी नाही, त्यामुळे पावसाळ्यात ते तिथे बेधडक येऊन बसतात.

मला बांधले केरूशेठने. हा केरू शेतकऱ्याच्या घरचा. मनमाडकडे रेल्वेचे रूळ पडत होते तेव्हा तो खडी फोडायला गेला आणि पुढे खडीचा कंत्राटदार झाला. पैसा हाती आल्यावर त्याने नाशकात जागा घेतली, तर लोक हसले. खडी फोडणारा माणूस हवेली बांधणार म्हणे. केरूशेठने पाथरवट आणला, बहिरू नावाचा, आणि त्याला सांगितले की आधी जोते. जोते म्हणजे घराचा पाया जमिनीच्या वर येतो तो दगडी भाग. ते त्याने कमरेइतके उंच करून घेतले, अस्सल काळ्या दगडाचे, सांध्यात नख जाणार नाही असे. पेठ-सुरगाण्याकडून साग आला. चुना मळायला घाणी बसली. चुन्यात गूळ पडला, बेलफळाचा गर पडला, हिरड्याचे पाणी पडले. दोन बैल महिनोन् महिने त्या घाणीभोवती फिरत राहिले, आणि त्या चुन्यात माझ्या विटा बसल्या.

बहिरूने एकदा केरूशेठला विचारले की एवढे उंच जोते कशाला, राजाचा वाडा आहे का हा. केरूशेठ म्हणाला, "वरून येणारं पाणी दिसतं रे. कौल सरकवलं की थांबतं. खालून येणारं दिसत नाही. रुळाखाली आपण खडी का टाकतो? पाणी थांबू नये म्हणून. हिच्या पायाशीही थांबता कामा नये."

बहिरूला ते पटले. काळ्या दगडातून पाणी चढत नाही, हे त्याच्या रोजच्या कामातले होते. मग त्याने स्वतःची हौस म्हणून जोत्याच्या वरच्या थरावर बैलांची रांग कोरली, घाणीच्या बैलांची आठवण म्हणून. सगळे एकामागे एक, मान खाली घालून निघालेले. एकाच बैलाने मान वळवून मागे बघितले आहे. तो म्हणे घाणीतला आळशी बैल होता, प्रत्येक फेरीला थांबून चारा आला का बघायचा. केरूशेठला तोच सगळ्यांत आवडला.

केरूशेठची पुढची पिढी मुंबईला गेली. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी त्यांनी मला एका शिक्षणसंस्थेला देऊन टाकले. मला वाटले होते की आता माझे दिवस संपले. पण मित्रांनो, घराला फार तर दहा-बारा माणसांची सवय असते; माझ्यात एकदम शेकडो मुले शिरली. त्यांच्या चपलांनी माझ्या पायऱ्या मध्ये झिजल्या. सिन्नरची, निफाडची, सटाण्याची, सुरगाण्याची मुले माझ्या खिडक्यांत बसून सूत्रे पाठ करू लागली. मनमाडहून सकाळच्या गाडीने येणारा एक घोळकाच होता. गाडी उशिरा आली की तो घोळका धापा टाकत आत शिरायचा आणि शिक्षक फळ्याकडे तोंड करून हसू लपवायचे.

त्या घोळक्यात एक मुलगी होती, उज्वला. वडील रेल्वेत गँगमन. रुळाखालच्या खडीत माती भरली की ती उपसून खडी मोकळी करायची, हे त्यांचे काम. उज्वला बोलायला कमी. पण प्रात्यक्षिकाच्या दिवशी आत येण्याआधी ती पूर्वेच्या बाजूने फेरा मारायची आणि मागे बघणाऱ्या बैलाच्या शिंगावरून बोट फिरवायची. तिला वाटायचे की हा बैलही आपल्यासारखाच, रांगेत उशिरा पोहोचणारा. एकदा गाडी फारच रखडली आणि तिचे भौतिकशास्त्राचे प्रात्यक्षिक बुडाले. तेव्हा वनस्पतिशास्त्राचे गायधनी सर, ज्यांचा त्या विषयाशी काही संबंध नव्हता, त्यांनी किल्ली मागून आणली आणि संध्याकाळी तिच्यासाठी प्रयोगशाळा उघडून दाराशी बसून राहिले. आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्यांनी तिला दिली आणि म्हणाले, "खा. उपाशीपोटी काटा हलतो आणि वाचन चुकतं." ती चिडली, कारण काटा खरेच हलत होता.

गायधनी सर पळसे गावचे. कोंडाजी हे त्यांचे नाव, पण ते फक्त त्यांची आई घेत असे. माझ्यावर जितकी माया केली गेली, तिच्यातला मोठा वाटा त्यांचा आहे. ते नवे नवे रुजू झाले तेव्हा शेवटच्या दिवशी मुले एकमेकांच्या अंगावर शाई उडवत, माझ्या भिंतीही निळ्या होत. सरांनी ते थांबवले, पण रागावून नाही. त्यांनी सांगितले, शाई कसली उडवता, प्रत्येकाने आपापल्या गावची ओंजळभर माती आणा. पूर्वेच्या भिंतीला लागून त्यांनी एक वाफा केला. जाणाऱ्या वर्गाने आपली माती त्यात घालायची, एक रोप लावायचे, पाणी घालायचे आणि मग घरी जायचे. 'निरोपाचा वाफा' हे नाव मुलांनीच पाडले.

काय सुंदर दिवस असायचा तो. बागलाणची काळी माती, पेठकडची तांबडी, गोदाकाठची गाळाची, एकाने तर देवळाली कॅम्पातून कागदाच्या पुडीत बांधून आणलेली. सर प्रत्येकाची माती हातात घेऊन तिचा वास घेत आणि सांगत की हिच्यात कांदा चांगला येईल, हिच्यात नागली. मुली रडत, मुलगे न रडल्याचे दाखवत. कर्दळ, जास्वंद, हळद, मोगरा. पूर्वेची भिंत हिरवीगार झाली. सर निवृत्त झाले तरी रोज सकाळी झारी घेऊन येत राहिले. मी त्या वाफ्यावर खूश होते. कोण नसते?

पुढे कॉलेजला पन्नास वर्षे झाली. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली आणि मला नटवले. पूर्वेच्या भिंतीचा जुना चुन्याचा गिलावा खरवडून तिथे सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केला आणि त्यावर पिस्ता रंगाचा ऑइलपेंट. झाडलोट करणाऱ्या मालनबाई तर हरखूनच गेल्या. फडक्याने पुसले की डाग जातो, म्हणाल्या, असे घर मला मिळाले असते तर दुसरे काही मागितले नसते.

उज्वला तोवर पुण्यात शिकून, दोन-तीन ठिकाणी शिकवून पुन्हा माझ्याकडे आली होती. आता उज्वला मॅडम म्हणून. ज्या दिवाणखान्यात तिच्या हातून काटा हलला होता, ती प्रयोगशाळा आता तिची होती. ती पुढच्या पायरीने येई, खांद्याला पिशवी, हातात हजेरीपट. पूर्वेच्या बाजूने फेरा मारायला तिला सवड कुठली?

आता जे सांगणार आहे ते गेल्या वर्षीचे.

प्रयोगशाळेची पूर्वेची भिंत आजारी पडली. आधी रंगाला फोड आले, मग पापुद्रे सुटले. पापुद्र्याखाली पांढरा लोणा, मिठासारखा. लाकडी कपाटे फुगली, पितळी उपकरणांवर हिरवा थर आला. कोपऱ्यात एक तडा दिसू लागला. मालनबाई रोज खाली पडलेला चुरा भरत आणि म्हणत, "मॅडम, भिंतीला घाम फुटलाय बघा. परीक्षा पोरांची अन् घाम हिला."

संस्थेने इंजिनियर पाठवला. त्याने तडा पाहिला, बाहेरचा रस्ता पाहिला आणि सांगितले की इमारत थकली आहे. द्वारकेकडून अवजड गाड्या जातात, त्यांच्या हादऱ्यांनी भिंत हलत असणार. प्रयोगशाळा बंद ठेवा. संस्थेच्या चिटणिसांनी लगेच चार मजली इमारतीचा नकाशा पसरला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मला पाडायचे की नाही, हे एप्रिलच्या सभेत ठरणार होते. प्राचार्य निमसे सर चांगले गृहस्थ, पण छत मुलांच्या डोक्यावर आले तर जबाबदारी त्यांची. ते गप्प राहिले. त्यांना मी दोष देत नाही.

गायधनी सर मात्र पेटले. वय ऐंशीच्या घरात, पण त्यांनी माजी विद्यार्थ्यांना फोन लावले. त्यांचे म्हणणे एकच: दोष हवेलीचा नाही, ट्रकांचा आहे, या रस्त्याने अवजड गाड्या बंद करा. सभेत ते हेच मांडणार होते. मालनबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी द्वारकेला सरांनी शिट्टी घेऊन उभं ऱ्हायचं व्हय? तिथं पोलिसाचं कोण ऐकत नाय."

उज्वला मॅडमनी कोणाशी वाद घातला नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या घेतल्या आणि त्या तड्यावर आडव्या चिकटवल्या. पल्लवी नावाच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीने विचारले की याने काय होणार. मॅडमनी सांगितले की काच ताणली जात नाही. भिंत केसभर जरी हलली तरी ती तडकेल. मग दोघी रोज पाहू लागल्या. बाहेरून कांद्याचे ट्रक गेले, टँकर गेले, लग्नसराईतला बँड गेला. डिसेंबर सरला, फेब्रुवारी सरला. काचपट्ट्या जशाच्या तशा.

"म्हणजे ट्रकवाले निर्दोष, मॅडम," पल्लवी म्हणाली. तिचे वडील ट्रक चालवायचे, त्यामुळे तिला जरा जास्तच आनंद झाला.

तडा जुनाच होता. फक्त रंग सुटल्यामुळे दिसू लागला होता. म्हणजे भिंत हलत नव्हती, भिजत होती. कौले मॅडमनी तपासून घेतली, धड होती. भिंतीत नळ नव्हता. ओल जमिनीपासून मुलांच्या छातीपर्यंत चढली होती आणि तिथे एक सरळ रेघ मारल्यासारखी थांबली होती. पश्चिमेची भिंत, जिथे सायकली लावतात, ती ठणठणीत कोरडी. वय दोन्ही भिंतींचे एकच.

मॅडमनी पल्लवीला एक साधा प्रयोग लावायला सांगितला. टीपकागदाच्या दोन लांब पट्ट्या. एक उघडी, दुसरीला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून बंद केलेली. दोन्हींची खालची टोके शाईच्या पाण्यात सोडून पट्ट्या पंख्याखाली टांगल्या. निळे पाणी दोन्हींत चढू लागले. उघड्या पट्टीत ते वाटेतच वाळत राहिले आणि ठरावीक उंचीवर थबकले. बंद पट्टीत मात्र त्याला बाहेर पडायला जागाच नव्हती, म्हणून ते चढत गेले, चढत गेले.

मॅडम पिस्ता रंगाच्या भिंतीकडे पाहत राहिल्या. माझा जुना चुना श्वास घ्यायचा. जी थोडीफार ओल येई ती वाळून जायची. सिमेंट आणि ऑइलपेंटने माझे तोंड बंद केले होते. एवढे उलगडले. पण मूळ प्रश्न उरलाच. ओल येते कुठून? काळ्या दगडाच्या जोत्यातून पाणी चढत नाही. मग ते विटांपर्यंत पोहोचले कसे?

त्या सकाळी मॅडम पूर्वेच्या बाजूला गेल्या. कित्येक वर्षांनी गेल्या. सर नुकतेच पाणी घालून गेले होते, माती काळीभोर होती. कर्दळीची पाने खिडकीच्या खालच्या कठड्याला टेकत होती. मॅडम उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटले, पण काय ते कळेना. मग त्या एकदम खाली बसल्या, कर्दळ बाजूला केली आणि भिंतीच्या कडेने मातीत हात खुपसला. मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत.

"मॅडम, काय शोधताय?" पल्लवीने विचारले.

"बैल," मॅडम म्हणाल्या.

पल्लवीला वाटले, उन्हाचा त्रास झाला. ती पाणी आणायला निघाली होती, तेवढ्यात मॅडमच्या बोटांना शिंग लागले. मागे बघणाऱ्या बैलाचे शिंग. मित्रांनो, एवढ्या वर्षांनी ते बोट मी ओळखले.

हे असे झाले होते. दर वर्षी प्रत्येक मुलाची ओंजळभर माती. वर सरांचे शेणखत, वर पालापाचोळा. पन्नासेक वर्षे. वाफा इंचाइंचाने वाढत गेला आणि रोज पाहणाऱ्यांना कधी दिसला नाही. आधी त्याने बैलांचे पाय गिळले, मग पोट, मग शिंगे. मग तो जोत्याच्याही वर चढून थेट माझ्या विटांना टेकला. केरूशेठने पाण्याला दारात अडवले होते. मुलांच्या निरोपाने त्याला पायरी बांधून दिली. त्या पायरीवर सर रोज सकाळी झारीने पाणी घालत होते.

मॅडमनी कर्दळ पुन्हा सरळ केली. हाताला माती तशीच. मला वाचवायचे तर हे सभेआधी सांगायला हवे होते. आणि सांगायचे होते गायधनी सरांना, ज्यांनी एकदा मॅडमना अर्धी भाकरी दिली होती. त्यांच्या हयातीतले सर्वांत देखणे काम हेच माझ्या दुखण्याचे मूळ आहे, असे त्यांच्या तोंडावर म्हणायचे होते. पल्लवीने सुचवले की सरांना न सांगता सरळ सभेतच मांडावे. मॅडमनी मान हलवली. सभेत दहा माणसांसमोर कळण्यापेक्षा, त्या म्हणाल्या, ते आपल्याकडून कळलेले बरे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांना प्रयोगशाळेत बोलावले. मालनबाईंनी चहा आणला आणि दाराशीच रेंगाळल्या. सरांच्या हातात ट्रकांच्या विरोधातल्या भाषणाचा कागद होता. तो ते वाचून दाखवणार होते. मॅडमनी तयार केलेली वाक्ये बाजूला ठेवली. त्यांनी फक्त टांगलेल्या पट्ट्यांकडे बोट केले.

सर चष्मा वर करून पाहू लागले. आधी उघडी पट्टी, मग बंद. त्यांच्या चेहऱ्यावर शिक्षकाचे हसू आले.

"हे तर मी तुम्हाला तेरड्याच्या देठात दाखवायचो," ते म्हणाले. "लाल पाण्यात रोप ठेवायचं. पाणी वर चढतं, आणि पानांतून उडून जातं. पानं झाकली तर..." ते थांबले. मग त्यांनी भिंतीकडे पाहिले. ओल जिथे थांबली होती ती रेघ पाहिली. खिडकीबाहेर कर्दळीचे शेंडे डुलत होते.

सर उठले, काठी टेकत बाहेर गेले. मॅडम मागोमाग. वाफ्याशी येऊन त्यांनी विचारले, "बैल कुठवर होते गं?"

मॅडमनी खणून ठेवलेली जागा दाखवली. सर वाकले. शिंगाच्या टोकाला त्यांनी हात लावला.

"उज्वले, म्हणजे इतकी वर्षं मी हिला विष पाजलं?"

"पाणी पाजलंत, सर," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पाणीच पाजलंत."

सरांनी भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. हातातली झारी त्यांनी मालनबाईंकडे दिली आणि कुदळ कुठे मिळेल ते विचारले. मालनबाई म्हणाल्या, "या वयात कुदळ? मी काढते की. तुम्ही निसतं बोट दाखवा." पण पहिला घाव सरांनीच घातला, तोही अगदी हलका, कर्दळीचे कंद सांभाळून.

सभेत ते उठले तेव्हा सगळ्यांना ट्रकांविषयी ऐकायचे होते. सर म्हणाले, "हिला म्हातारपण आलेलं नाही. आम्ही हिला पाण्यात उभी करून ठेवली आहे. माती आम्ही घातली, आम्हीच काढू. एक पावसाळा द्या."

चिटणीस हसले. "सर, कालपर्यंत तुम्ही ट्रक म्हणत होतात."

"कालपर्यंत मी वनस्पतिशास्त्र विसरलो होतो."

मग मॅडमनी काचपट्ट्या आणि टीपकागद मांडले आणि थोडक्यात सांगितले. इंजिनियर प्रामाणिक माणूस होता. तो स्वतः जाऊन वाफा पाहून आला, हाताची माती झटकली आणि म्हणाला की हे आपल्या लक्षात यायला हवे होते; पावसाळ्यानंतर पुन्हा तपासू, तोवर पाडू नका. निमसे सरांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि सांगितले की सुट्टीत खोदकामाला आपली हरकत नाही.

मग सुट्टीत काय झाले, ते माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे कौतुक. सरांनी पुन्हा फोन लावले, पण या वेळी वेगळे सांगितले: तुमची माती उचलायला या. आणि ते आले. पोट सुटलेले, केस पिकलेले, कोणी मोटारीतून, कोणी एसटीने. नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले दोघे आले. सटाण्याचा एक द्राक्षबागायतदार आल्या आल्या सरांना आपल्या अहिराणीत विचारू लागला, "सर, मनी माती कोठे शे?" सर म्हणाले, आता ती सगळ्यांची एकच झाली आहे बाबा, कुठूनही घमेलं भर. त्याने भरले. ती माती त्यांनी फेकली नाही. मैदानाच्या कडेला, माझ्यापासून चांगले लांब, कुंपणाशी नवा वाफा केला आणि प्रत्येक रोप मुळांसकट तिकडे नेले. काही रोपे जगली नाहीत. मागची जुनी जास्वंद वाळली तेव्हा सर दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले.

सिमेंटचा गिलावा निघाला. पिस्ता रंग गेला याचे दुःख एकट्या मालनबाईंना झाले. पुन्हा चुना लागला. जोत्याभोवती चर खणला आणि त्यात काय भरले असेल? खडी. ही कल्पना उज्वला मॅडमची. त्यांचे वडील आता थकले आहेत, पण एक दिवस ते मनमाडहून मुद्दाम आले आणि चरात उतरून खडी हाताने सारखी करून गेले. खडीत माती जाऊ देऊ नका, एवढेच बोलले. केरूशेठ असता तर त्याने त्यांना मिठीच मारली असती.

आणि बैल बाहेर आले. एकामागून एक, मान खाली घालून, अंगावर मातीचे डाग घेऊन, जणू दिवसभराचे काम संपवून घरी निघालेले. पल्लवीने जुन्या टूथब्रशने त्यांचे डोळे साफ केले.

मित्रांनो, खरे सांगते, मी अजून पुरती वाळलेली नाही. जाणकार म्हणतात, दोन-तीन वर्षे लागतील. पण पावसाळा गेला, इंजिनियर आला, भिंतीला हात लावून गेला, आणि चार मजल्यांचा नकाशा आता मैदानापलीकडच्या मोकळ्या जागेसाठी वापरणार आहेत. प्रयोगशाळा उघडली. उज्वला मॅडम आता पूर्वेच्या बाजूने येतात आणि दार उघडण्याआधी एका शिंगावरून बोट फिरवतात. या वर्षी निरोपाच्या दिवशी मुलांनी माती कुंपणाजवळच्या वाफ्यात घातली आणि परतताना सगळी माझ्या बैलांना हात लावून गेली. ही रीत त्यांना कोणी शिकवली नाही.

माझ्यावर ज्यांनी माया केली, त्यांनीच मला भिजवले. आणि ज्यांनी भिजवले, त्यांनीच घमेली वाहून मला कोरडे केले. म्हणून मी कोणावर रागावत नाही. एवढेच मागते की कोणाला जीव लावलात, झाडाला, घराला, माणसाला, तर रोजचे पाणी घालण्याआधी एकदा खाली वाकून त्याच्या पायाशी बघा. गायधनी सर आता तसेच करतात. सकाळी झारी घेऊन ते येतात, नव्या वाफ्याला पाणी घालतात, रिकामी झारी पायरीवर ठेवतात आणि माझ्या भिंतीला तळहात लावून विचारतात, "काय गं, कोरडी आहेस ना?"

मला बोलता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हणून ते हात जरा वेळ तसाच ठेवतात.